गुन्हा घडला, तक्रार कधीपर्यंत? फौजदारी मुदतीचा हिशेब, पायरीपायरीने

एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन माझ्याकडे आले. शेजाऱ्याने कानाखाली मारली होती, आईवरून शिव्या घातल्या होत्या आणि जाताजाता "तुला बघून घेतो" असा दमही दिला होता. तारीख १० ऑगस्ट २०२४, शनिवार. त्याच रात्री ते पोलीस ठाण्यात गेले, ठाणे अंमलदाराने लिहून घेतलं, एक कागद हातात दिला. त्यानंतर चौदा महिने ते वाट बघत होते. मला विचारलं, "साहेब, केस चालू आहे ना? तारीख कधी लागेल?"

कागद एनसीचा होता, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा. अदखलपात्र म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. केस चालू नव्हतीच. कोर्टात त्यांच्या नावाने एक ओळसुद्धा गेली नव्हती. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच, कारण त्यांच्या कागदात एक गंमत होती.

दिवाणी दाव्याला मुदत असते हे आपल्याकडे बऱ्याच लोकांना ठाऊक असतं. फौजदारीलाही असते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. किरकोळ आणि मध्यम गुन्ह्यांत ठराविक काळ उलटला की न्यायदंडाधिकारी त्या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाहीत. 'दखल घेणे' म्हणजे प्रकरण कोर्टाने हाती घेणं. खून, बलात्कार, दरोडा यांना अशी मुदत नाही. वीस वर्षांनीही खटला उभा राहू शकतो. पण थप्पड, शिवीगाळ, बदनामी, साधी चोरी, घरात घुसणं या रोजच्या भानगडींना आहे, आणि लोक नेमके याच भानगडी घेऊन येतात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "नव्वद दिवसांत चार्जशीट आली नाही तर केस संपते" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. ते साठ आणि नव्वद दिवस अटकेतल्या आरोपीच्या जामिनाचे आहेत. त्या काळात दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, केस कुठेही जात नाही. या लेखातली मुदत वेगळी आहे.

पायरी १: घटनेची तारीख १ जुलै २०२४ च्या आधीची की नंतरची?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे घटनेच्या दिवशी लागू असलेल्या कायद्याने ठरतं. मुदतीचे नियम जुन्या प्रक्रिया संहितेत कलम ४६७ ते ४७३ मध्ये होते, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ५१३ ते ५१९ मध्ये आहेत. मजकूर बराचसा तोच आहे. एक महत्त्वाची भर आहे, ती चौथ्या पायरीत.

तारखेने काय फरक पडतो? विश्वासाने दिलेली वस्तू किंवा पैसा परस्पर लाटणं, म्हणजे फौजदारी विश्वासघात, जुन्या कलम ४०६ मध्ये कमाल तीन वर्षांच्या शिक्षेचा होता. नव्या कलम ३१६(२) मध्ये तो पाच वर्षांचा झाला. त्यामुळे जून २०२४ मधल्या विश्वासघाताला तीन वर्षांची मुदत लागते आणि जुलै २०२४ मधल्या तशाच विश्वासघाताला मुदतच नाही (हिशेब पुढच्या पायरीत). साध्या फसवणुकीचंही तसंच. जुन्या ४१७ मध्ये कमाल एक वर्ष होतं, नव्या ३१८(२) मध्ये तीन वर्षं झालं. म्हणून जुने ठोकताळे तोंडपाठ असलेल्या माणसाचा सल्लाही एकदा पडताळून घ्या.

पायरी २: कलम शोधा, कमाल शिक्षा बघा

मुदत गुन्ह्याच्या नावावर ठरत नाही. त्या कलमात जास्तीत जास्त किती शिक्षा लिहिली आहे, त्यावर ठरते. कलम ५१४ चं गणित एवढंच:

- फक्त दंडाची शिक्षा असेल तर सहा महिने
- कमाल कैद एक वर्षापर्यंत असेल तर एक वर्ष
- कमाल कैद एक वर्षाहून जास्त पण तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं
- कमाल कैद तीन वर्षांहून जास्त असेल तर मुदत नाही

"तीन वर्षांपर्यंत" यात पूर्ण तीन वर्षंही आली. इथे नवखे हमखास चुकतात. कमाल शिक्षा बरोबर तीन वर्षं असेल तर मुदत आहे, तीनच्या वर गेली की नाही.

आता न्याय संहितेतली रोजच्या वापरातली कलमं घेऊ. साधी दुखापत, म्हणजे कलम ११५(२), कमाल एक वर्ष, मुदत एक वर्ष. कोणाची वाट अडवली तर कलम १२६(२), कमाल एक महिना, मुदत तरीही एक वर्ष, कारण एका महिन्यासाठी वेगळा कप्पा नाही. घरात बेकायदा शिरणं, कलम ३२९(४), कमाल एक वर्ष, मुदत एक वर्ष. बेदरकार गाडी चालवणं, कलम २८१, सहा महिने शिक्षा, मुदत एक वर्ष. बदनामी, कलम ३५६(२), शिक्षा दोन वर्षं, मुदत तीन वर्षं. शांतता भंग व्हावी म्हणून जाणूनबुजून केलेला अपमान, कलम ३५२, शिक्षा दोन वर्षं, मुदत तीन. साधी चोरी, कलम ३०३(२), शिक्षा तीन, मुदत तीन. नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेला छळ, जुनं ४९८-अ आणि नवं ८५, शिक्षा तीन, मुदत तीन. सार्वजनिक उपद्रवाला, कलम २९२, फक्त दंड आहे, म्हणून सहा महिने.

मुदत नसलेल्यांत गंभीर दुखापत (कलम ११७(२), सात वर्षं), स्त्रीच्या विनयभंगासाठी बळाचा वापर (कलम ७४, पाच वर्षांपर्यंत) आणि फसवून माल-पैसा काढून घेणं (कलम ३१८(४), सात वर्षं) येतात. निष्काळजीपणाने मृत्यूचं जुनं कलम ३०४-अ दोन वर्षांचं होतं. नवं १०६(१) पाच वर्षांचं आहे, म्हणून तेही आता या यादीत आलं.

धमकीचं कलम बारकाईने बघण्यासारखं आहे. साध्या धमकीला, कलम ३५१(२), दोन वर्षं शिक्षा, म्हणजे तीन वर्षांची मुदत. पण धमकी जिवे मारण्याची किंवा गंभीर दुखापतीची असेल तर कलम ३५१(३) लागतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते आणि मुदत उरत नाही. म्हणून तक्रारीत "धमकी दिली" एवढंच लिहू नका. नेमके शब्द लिहा, जसेच्या तसे, शिवीसकट. लाजायचं काम नाही, कोर्टाला त्याची सवय आहे.

आता पिशवीतल्या कागदाकडे. त्यावर तीन कलमं होती: ११५(२), ३५२ आणि ३५१(२). जुन्या मंडळींना ही त्रिमूर्ती "३२३, ५०४, ५०६" म्हणून ठाऊक असेल. एकट्या थप्पडीची मुदत ऑगस्ट २०२५ मध्येच संपली होती. पण कलम ५१४(३) म्हणतं की जे गुन्हे एकत्र चालवता येतात, त्यांची मुदत त्यातल्या जास्त शिक्षेच्या गुन्ह्यावरून मोजायची. शिवीगाळ आणि धमकी दोन-दोन वर्षांच्या शिक्षेची आहेत, म्हणून सगळ्या प्रसंगाला तीन वर्षं मिळाली. "बघून घेतो" ही धमकी होते का, यावर समोरचा वकील वाद घालणारच. आईवरची शिवी मात्र जागच्या जागी होती. गृहस्थ वाचले, पण ते शेजाऱ्याच्या तोंडाळपणामुळे. स्वतःच्या सावधपणाचं श्रेय त्यांना देता येत नाही.

याची उलट बाजूही सांगतो. मुदत टाळण्यासाठी जड कलम उगाच चिकटवण्याची खोड काही जणांना असते. साध्या उसनवारीत ३१८(४) घालायचं, ढकलाढकलीत ११७(२). तक्रारीतल्या हकिकतीतून ते कलम दिसत नसेल तर ते गळतं, आणि ते गळलं की त्याच्या आधाराने उभी असलेली मुदतही कोसळते.

पायरी ३: घड्याळ कोणत्या दिवशी सुरू झालं?

सहसा घटनेच्या दिवशी. तो दिवस मोजायचा नाही. १० ऑगस्ट २०२४ च्या थप्पडीचं एक वर्ष ११ ऑगस्टपासून मोजलं की १० ऑगस्ट २०२५ ला संपतं. तो रविवार होता. कोर्ट बंद असताना मुदत संपली तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, म्हणजे सोमवार, ११ ऑगस्ट २०२५. तीन वर्षांचा हिशेब धरला तर १० ऑगस्ट २०२७.

दोन अपवाद आहेत. गुन्हा घडल्याचंच कोणाला माहीत नसेल, तर ज्या दिवशी पीडित व्यक्तीला किंवा कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याला कळलं तिथून. गुन्हा माहीत आहे पण केला कोणी ते माहीत नाही, तर ज्या दिवशी पीडिताला किंवा तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला गुन्हेगाराची ओळख पटली तिथून. दोन्हीकडे, आधी ज्याला कळलं त्याचा दिवस धरायचा. समजा एक मोटरसायकल तुम्हाला घासून निघून गेली, नंबर दिसला नाही. तीन आठवड्यांनी सीसीटीव्हीत नंबर सापडला आणि मालक कळला. घड्याळ त्या दिवसापासून. पण पोलिसांना तो नंबर दहा दिवस आधीच मिळाला होता आणि त्यांनी तुम्हाला सांगितलंच नाही, तर घड्याळ तेव्हाच सुरू झालेलं असतं. म्हणून अधूनमधून लेखी चौकशी करत राहा.

चालू राहणारा गुन्हा हा वेगळा प्रकार. कोणाला कोंडून ठेवलं आहे, तर कोंडलेलं असेपर्यंत क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते. मालकाने कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम न भरणं हा असाच चालू राहणारा गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये म्हटलं होतं. सासरच्या छळाबाबतही छळाचा प्रत्येक प्रसंग नवी सुरुवात देतो. त्यामुळे अशा तक्रारीत लग्नाच्या तारखेपेक्षा शेवटच्या प्रसंगाची तारीख महत्त्वाची. घर सोडल्यानंतरही फोनवरून, मेसेजवरून छळ चालू असेल तर ते मेसेज जपून ठेवा.

मात्र गुन्हा चालू राहणं आणि गुन्ह्याचा परिणाम चालू राहणं यात गल्लत करू नका. मार लागून दात पडला आणि अजून दुखतोय, म्हणून मारहाण चालू राहत नाही.

पायरी ४: घड्याळ थांबतं कधी?

या लेखातली सगळ्यात कामाची पायरी हीच, कारण बहुतेक प्रकरणं इथेच बुडतात.

पूर्वी वाद असा होता: मुदत तक्रार दाखल केल्याच्या दिवसापर्यंत मोजायची की कोर्टाने दखल घेतल्याच्या? तक्रारदार वेळेत गेला आणि कोर्टाने दखल घ्यायला वर्ष लावलं तर शिक्षा तक्रारदाराला का? नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला: तक्रार दाखल झाल्याची किंवा खटला सुरू केल्याची तारीख धरायची, दखल घेतल्याची नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने कलम ५१४ ला स्पष्टीकरण जोडून हे कायद्यातच लिहून टाकलं. आता दोनच तारखा मोजल्या जातात: कलम २२३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल झाल्याची, किंवा कलम १७३ खाली पोलिसांनी माहिती नोंदवल्याची, म्हणजे एफआयआरची.

एनसी कलम १७४ खाली नोंदवतात. स्पष्टीकरणात १७४ चं नाव नाही. अदखलपात्र गुन्ह्यात पोलीस मजकूर वहीत लिहितात, तुम्हाला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगतात आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकत नाहीत. नव्या कायद्याप्रमाणे अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, पण ती तुमची तक्रार नव्हे. एनसीच्या कागदावर बहुधा छापलेलंच असतं की कोर्टात दाद मागावी. ती ओळ कोणी वाचत नाही, आणि ठाण्यात कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून हातात एनसी आली की दुसऱ्याच दिवसापासून खाजगी फौजदारी तक्रारीची तयारी सुरू करा. तक्रारीत घटना तारीख-वेळ-जागेसह, आरोपीचं नाव-पत्ता, साक्षीदारांची नावं आणि जोडलेले कागद असू द्या: एनसीची प्रत, वैद्यकीय दाखला, फोटो, मेसेजचे प्रिंट. दाखल करताना स्वतःच्या प्रतीवर कोर्टाचा तारखेचा शिक्का घ्या किंवा दाखल क्रमांक लिहून घ्या. मुदतीचा वाद पुढे निघाला तर तो शिक्काच तुमचा साक्षीदार. बदनामीच्या बाबतीत तर पोलिसांकडे खेटे घालण्यात अर्थच नाही. ती तक्रार बदनामी झालेल्या व्यक्तीने थेट कोर्टातच करायची असते.

गुन्हा दखलपात्र असेल आणि पोलीस एफआयआर घेत नसतील, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवा (कलम १७३(४)). शहरात ती पोलीस आयुक्तालयाकडे जाते. त्यानेही काही हललं नाही तर पोलिसांना तपासाचा हुकूम द्यावा म्हणून प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) चा अर्ज. पण हा अर्जही स्पष्टीकरणात नावाने आलेला नाही. मुदत जवळ आली असेल तर फक्त त्या अर्जावर विसंबू नका, २२३ ची तक्रार दाखल करून मोकळे व्हा. बरेच वकील एकाच तक्रारीत दोन्ही मागण्या घालतात आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

ऑनलाइन एफआयआर देत असाल तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती नोंदीवर येत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी मोबाइलवरून तक्रार टाकून निर्धास्त झोपू नका. सायबर फसवणुकीत मात्र पहिला फोन १९३० या मदत क्रमांकावर, तोही लगेच. तिथे मुदतीपेक्षा पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवणं महत्त्वाचं असतं.

पायरी ५: कोणते दिवस वजा होतात?

तुम्ही त्याच प्रकरणात प्रामाणिकपणे आणि नेटाने चुकीच्या कोर्टात, म्हणजे अधिकारक्षेत्र नसलेल्या कोर्टात लढत होतात, तर तो काळ वजा होतो. खटल्याला स्थगिती असेल तर स्थगितीचा काळ. आरोपी भारताबाहेर असेल किंवा फरार असेल तर तोही काळ. सरकारी नोकराविरुद्ध पूर्वपरवानगी लागत असेल तर अर्ज केल्यापासून हुकूम मिळेपर्यंतचा काळ, दोन्ही टोकांच्या दिवसांसकट. कलम २१८ खालच्या परवानगीवर आता सरकारला १२० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, न घेतल्यास परवानगी मिळाली असं मानलं जातं. आणि जुन्या प्रकरणांसाठी: कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता.

तडजोडीची बोलणी वजा होत नाहीत. सोसायटीच्या कमिटीपुढे, जातीच्या पंचांपुढे, मामांच्या मध्यस्थीत गेलेले महिने तुमच्याच खात्यातून जातात. बोलणी करा, जरूर करा, पण कॅलेंडरवर शेवटची तारीख लाल शाईने लिहून करा.

पायरी ६: मुदत उलटून गेली असेल तर

दार पूर्ण बंद होत नाही. कलम ५१९ प्रमाणे दोन कारणांनी कोर्ट उशिरा आलेल्या प्रकरणाची दखल घेऊ शकतं: उशिराचं नीट स्पष्टीकरण दिलेलं आहे, किंवा न्यायाच्या हितासाठी ते गरजेचं आहे. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोकळं आहे. घरगुती छळाच्या प्रकरणांत त्याचा उपयोग व्हावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं आहे, कारण संसार टिकेल या आशेवर बायका वर्षानुवर्षं गप्प बसतात.

यासाठी विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या. "अपरिहार्य कारणांमुळे" असं मोघम लिहू नका. कधीपासून कधीपर्यंत काय झालं ते तारखांनिशी मांडा: अमुक ते अमुक दवाखान्यात, डिस्चार्ज कार्ड जोडलं आहे. अमुक तारखेला ठाण्यात अर्ज दिला, पोहोच जोडली आहे. अमुक तारखेला अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं, पावती जोडली आहे. "पोलीस आज करतो, उद्या करतो म्हणत होते" हे खरं असलं तरी कागदाशिवाय हवेत राहतं. आरोपीला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय विलंब माफ करता येत नाही, हेही महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात ठरलं आहे. त्यामुळे पहिल्याच तारखेला माफी मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

चेक परत आला असेल तर गणित वेगळं

वरचा तक्ता इथे विसरा. चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ ला स्वतःची मुदत आहे आणि ती दिवसांत मोजतात. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरा. परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते उलटले की एक महिन्यात कोर्टात तक्रार.

समजा चेक परत आल्याचा बँकेचा मेमो १२ जून २०२५ ला हातात आला. नोटीस १२ जुलैपर्यंत जायला हवी. तुम्ही १ जुलैला रजिस्टर पोस्टाने पाठवली, त्याला ४ जुलैला मिळाली. पंधरा दिवस १९ जुलैला संपले. तक्रारीचं कारण २० जुलैला घडलं, तो दिवस सोडून महिना मोजा, शेवटची तारीख २० ऑगस्ट. घाईही नको: १९ जुलैच्या आत तक्रार केली तर ती अकाली ठरते. कोर्टात जायचा महिना चुकला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, ३० दिवसांच्या नोटिशीला मात्र तशी सवलत नाही. नोटीस चुकली आणि चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर चेक पुन्हा भरता येतो, नवा मेमो, नवी नोटीस.

काही कायदे जे स्वतःचं वेगळं सांगतात

हुंडा प्रतिबंधक कायद्याखालच्या गुन्ह्यांना मुदतीचे हे नियमच लागू नाहीत, मग शिक्षा कितीही असो. प्राप्तिकर, सीमाशुल्क अशा आर्थिक गुन्ह्यांनाही १९७४ च्या एका स्वतंत्र कायद्याने यातून वगळलं आहे. उलट नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमात निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून फक्त तीन महिने मिळत. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला कलम १२ चा अर्ज संरक्षण, निवास, पोटगी यासाठी असतो. त्याला ही मुदत लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पण मिळालेला संरक्षण आदेश समोरच्याने मोडला, तर तो गुन्हा आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत आहे, आणि तिथे एक वर्षाची मुदत येते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळात दोन घड्याळं एकदम चालतात. कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत जायचं, समिती ते आणखी तीन महिन्यांनी वाढवू शकते. ते हुकलं म्हणून पोलिसांचा रस्ता बंद होत नाही, तिथे न्याय संहितेच्या कलमाप्रमाणे वेगळा हिशेब.

आणि तुम्हीच आरोपी असाल तर

समन्स किंवा नोटीस आली की आधी तीन तारखा शोधा: घटनेची, एफआयआर किंवा तक्रार दाखल झाल्याची, आणि असेल तर विलंब माफीच्या हुकमाची. पहिल्या दोघींतलं अंतर मुदतीपेक्षा जास्त आणि तिसरी नाहीच, तर तुमच्याकडे भक्कम मुद्दा आहे. नव्या कायद्यात खाजगी तक्रारीची दखल घेण्याआधी आरोपीला ऐकून घेणं सक्तीचं आहे, तेव्हा हा मुद्दा तिथेच, पहिल्याच संधीला, लेखी मांडा. तिथे नाही जमलं तर खटला रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात कलम ५२८ चा अर्ज आहे. मात्र तक्रारदाराने जड कलम लावलं असेल तर आधी ते कलम हकिकतीत बसतं का, यावर भांडावं लागेल.

वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुधा कोर्टाच्या आवारातच असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दूरध्वनी १५१००. जाताना एनसीची मूळ प्रत घरी ठेवा आणि दोन झेरॉक्स न्या. त्या गृहस्थांची मूळ प्रत पिशवीतल्या घामाने इतकी पुसट झाली होती की कलमांचे आकडे आम्हाला खिडकीच्या उजेडात धरून वाचावे लागले.